एक लेख, तीन लेखण्या

१. प्रस्तावना

पदवीच्या अभ्यासक्रमात आपण जे लेखन करता, ते बहुतांशी एकट्याने करता. निबंध, स्वाध्याय, उत्तरपत्रिका या सर्वांवर एकाच व्यक्तीचे नाव असते. परंतु प्रकल्पलेखन, क्षेत्रपाहणी, बोलीचा अभ्यास, लोकसाहित्याचे संकलन अशा कामांकडे वळल्यावर दोघातिघांनी मिळून लिहिण्याचा प्रसंग येतो. अशा वेळी विषयाची वाटणी कशी करावी, कोणाचे नाव आधी यावे, मतभेद झाल्यास काय करावे याची चर्चा होते. लेख कोणत्या साधनावर लिहायचा, हा प्रश्न मात्र किरकोळ मानून बाजूला सारला जातो. 'तुम्ही तुमच्या पद्धतीने लिहा, शेवटी एकत्र करू,' असे म्हणून आपण पुढे जातो.

हा प्रश्न किरकोळ नाही, असे माझे मत आहे. सहलेखकांची साधने वेगवेगळी असली की लेखाच्या अक्षरावर परिणाम होतो, अक्षरावरून अर्थावर होतो आणि अखेरीस सहलेखकांच्या परस्परसंबंधांवर होतो. साधन कोणाचे चालवायचे हे ठरवताना आपण नकळत लेखक कोणाला म्हणायचे हेही ठरवीत असतो. हे मत मी एका चुकीतून शिकलो. ती चूक माझी होती, म्हणून प्रथम तीच सांगतो.

२. दऱ्या आणि दर्या

गोरेगाव पूर्वेस आरे दूध वसाहतीच्या परिसरात आदिवासींचे अनेक पाडे आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी अशा समाजांची कुटुंबे तेथे राहतात. १९४९ मध्ये दूध वसाहतीची स्थापना झाली, त्याच्याही आधीपासून आपली वस्ती येथे आहे, असे तेथील वृद्ध माणसे सांगतात. या पाड्यांतील स्त्रियांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत नोंदवून त्यांवर एक लेख लिहावा, असे आम्ही तिघांनी ठरवले. एक निवृत्त प्राध्यापक, एक मी आणि तिसरी आमची विद्यार्थिनी. दिवसभर नोकरी करून दूरस्थ पद्धतीने शिकणाऱ्या या मुलीनेच पाड्यांवर जाऊन माहिती मिळवली होती. रविवारी सकाळी ती पाड्यावर जाई, स्त्रियांशी बोले आणि आठवडाभर गोरेगाव ते चर्चगेट या लोकलच्या प्रवासात ध्वनिमुद्रण ऐकून मोबाइलवर मजकूर उतरवून काढी.

आमच्या लेखण्या तीन प्रकारच्या होत्या. प्राध्यापक गेली पंचवीस वर्षे डीटीपीच्या एका जुन्या फाँटमध्ये टंकलेखन करीत आले होते. मी संगणकावर युनिकोडमध्ये लिहीत होतो. विद्यार्थिनीकडे संगणक नव्हता. ती मोबाइलवर युनिकोडमध्येच लिहून व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांनी मजकूर पाठवी. सर्व मजकूर एकत्र करण्याचे काम मी स्वीकारले होते.

एका आजींनी आपल्या आईच्या माहेराविषयी सांगताना 'दऱ्यांतून चालत आलो' असे म्हटले होते. विद्यार्थिनीने ते तसेच लिहिले होते. तिचा मजकूर प्राध्यापकांकडे गेला, त्यांनी तो आपल्या जुन्या फाँटमध्ये पुन्हा टंकलिखित केला, भाषा संपादित केली आणि फाइल माझ्याकडे पाठवली. मी ती एका रूपांतरकाद्वारे युनिकोडमध्ये आणली. मजकुरात बरीच नको असलेली चिन्हे दिसत होती, ती काढून टाकण्यासाठी मी सर्व अदृश्य चिन्हे एका आज्ञेने पुसली. त्यासरशी 'दऱ्या'चे 'दर्या' झाले. डोंगरांमधल्या दऱ्या जाऊन तेथे समुद्र आला.

विद्यार्थिनीच्या ही चूक लक्षात आली होती. तिने दोन वेळा दुरुस्ती पाठवली. पण ती दुरुस्ती व्हॉट्सॲपवरील एका संदेशात होती. मी माझ्या फाइलमध्ये माझ्या खुणा पाहत होतो, प्राध्यापक छापील प्रतीवर लाल शाईने खुणा करीत होते. तिसऱ्या लेखकाच्या दुरुस्त्या कोठे पाहायच्या हे आम्ही ठरवलेच नव्हते. लेख छापून आला. त्यावर कळस म्हणजे, त्या शब्दाच्या आधारे मी एक वाक्य जोडले होते: या कुटुंबांच्या स्मृतीत सागरकिनाऱ्याचे संदर्भ आढळतात.

विद्यार्थिनीने तो लेख पाड्यावर नेऊन आजींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "आम्ही डोंगराकडची माणसं. दर्या कुणी लिवला?" परत आल्यावर ती मला एवढेच म्हणाली, "सर, मी तो शब्द दोनदा पाठवला होता." काही दिवसांनी पुढील लेखाचा विषय निघाला, तेव्हा ती म्हणाली, "यापुढे मी माहिती गोळा करून देईन. लिहिणं तुम्हीच करा."

शब्दाची चूक पुढील अंकात शुद्धिपत्र देऊन दुरुस्त झाली. हे दुसरे वाक्य मात्र मला अजून बोचते. साधनांच्या गोंधळातून एक लेखिका स्वतःला माहिती पुरवणारी व्यक्ती समजू लागली होती.

३. अक्षराच्या आत काय असते

ही चूक कशी घडली हे समजून घेतल्याशिवाय तिच्यावरचा उपाय कळणार नाही. इंग्रजीत लिहिणारे सहलेखकही वेगवेगळी साधने वापरतात. गोरेगाव पूर्वेसच रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. तेथे ज्या अर्थशास्त्राचे अध्ययन चालते, त्या विषयात जगभर दोन पंथ आहेत. गणिती सूत्रांची गरज असणारे अभ्यासक लॅटेक्समध्ये लिहितात, इतर वर्डमध्ये लिहितात. डोनाल्ड कनुथ यांनी १९७८ मध्ये टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली तयार केली. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर लॅटेक्स उभारले. लॅटेक्सची फाइल म्हणजे साधा मजकूर आणि त्यात लिहिलेल्या आज्ञा. वर्डमध्ये पान जसे छापून येणार तसेच पडद्यावर दिसते. एकाची फाइल दुसऱ्याकडे गेली की तळटीपा हलतात, सारण्या मोडतात, दुरुस्त्यांच्या खुणा नाहीशा होतात. हा त्रास मोठा असतो, पण 'ए' या अक्षराचे 'बी' होत नाही.

मराठीत अक्षरच बदलते. जुन्या डीटीपी फाँटमध्ये देवनागरी अक्षरांना संगणकात स्वतःची जागा नव्हती. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजी चिन्हांचाच असे आणि तो मराठी दिसे तो केवळ फाँटमुळे. फाँट नसला की पडद्यावर निरर्थक इंग्रजी चिन्हे उमटत. शिवाय प्रत्येक कंपनीची जागावाटणी वेगळी होती. त्यामुळे एका फाँटमधला मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये वाचता येत नसे.

भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे प्रमाण १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना सामावून घेणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र गट आहे. त्यामुळे 'क' हा कोणत्याही फाँटमध्ये, कोणत्याही यंत्रावर 'क'च राहतो. २००० नंतरच्या काळात घरगुती संगणकांवर आणि पुढे मोबाइलवर युनिकोड मराठी सुलभ झाली. परंतु पुस्तके व नियतकालिके तयार करणारी अक्षरजुळणीची व्यवस्था दीर्घकाळ जुन्या फाँटवर चालत राहिली, आणि त्या व्यवस्थेत वाढलेल्या लेखकांचे हातही तसेच वळले.

आता आमच्या शब्दाकडे येऊ. मराठीत 'र'चे जोडाक्षर दोन प्रकारे लिहिले जाते. 'दर्या', 'कार्य', 'आचार्य' यांत रफार आहे. 'दऱ्या', 'सुऱ्या', 'आचाऱ्यास' यांत अर्धा 'र' आडव्या रेघेसारखा दिसतो. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. हिंदीला या भेदाची गरज नाही, मराठीला आहे. युनिकोडमध्ये हा आडवा 'र' दोन मार्गांनी लिहिता येतो. एका मार्गात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरले जाते. दुसऱ्या मार्गात साध्या 'र'ला हलन्त जोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घातले जाते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडत नाही. माझ्या रूपांतरकाने दुसरा मार्ग वापरला होता. मी अदृश्य चिन्हे पुसली आणि आडव्या 'र'चा रफार झाला.

वर्तनी तपासणाऱ्या कोणत्याही यंत्राला ही चूक सापडली नसती, कारण 'दर्या' हाही शुद्ध शब्द आहे. ती पकडू शकणारी एकच व्यक्ती होती, आणि तिने ती पकडलीही होती.

४. परंपरेतील दाखले

अनेक हातांनी, अनेक पद्धतींनी लिहिलेला मजकूर एकत्र आणण्याची अडचण संगणकाने निर्माण केलेली नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. नकलांमधून शिरलेले अपपाठ दूर केल्यावर, यापुढे या ग्रंथात कोणी आपल्या पदरची भर घालू नये, असे त्यांनी बजावले. मजकूर एकदा निश्चित झाला की त्यात बदल करण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न त्यांनीही विचारात घेतला होता.

दुसरा दाखला अधिक उपयुक्त आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखठणकर या कामाचे प्रधान संपादक होते. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर इतरांनी ते पुढे नेले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. या कामासाठी १,२५९ हस्तलिखितांचा विचार झाला. ती शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगु, ग्रंथ, मल्याळम आणि देवनागरी अशा अनेक लिप्यांत होती. पाठ ताडून पाहण्याचे काम पुण्याबरोबरच शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही चाले.

हे कसे साधले? प्रत्येक श्लोकासाठी एक तक्ता असे. वरच्या ओळीत आधारभूत पाठ अक्षरशः मांडलेला असे आणि त्याखाली एकेका हस्तलिखितातील फरक त्या त्या अक्षराच्या खाली नोंदवला जाई. प्रत्येक हस्तलिखिताला संकेतचिन्ह असे. मूळ हस्तलिखिताची लिपी कोणतीही असो, तक्त्यावरील नोंद एकाच लिपीत होई. कोणता पाठ स्वीकारायचा याचा निर्णय त्या पर्वाचा संपादक घेई आणि नाकारलेले पाठही तळाशी छापले जात.

या पद्धतीत तीन तत्त्वे दिसतात. मूळ साधने भिन्न असली तरी तुलना एकाच अक्षरव्यवस्थेत करायची. प्रत्येक फरक कोणाकडून आला हे लिहून ठेवायचे. अंतिम निर्णय एकाने घ्यायचा, पण नाकारलेले मत पुसून टाकायचे नाही. आम्ही तिघांनी यांतील एकही तत्त्व पाळले नव्हते. संगणक असूनही आमची पद्धत १९१९ च्या पद्धतीपेक्षा मागासलेली होती.

५. 'सर्वांनी एकच साधन वापरावे' हे उत्तर पुरेसे आहे काय?

यावर अनेकांचे उत्तर तयार असते. सर्वांनी एकच सॉफ्टवेअर वापरावे, किंवा सर्वांनी गुगल डॉक्सवर एकत्र लिहावे, म्हणजे प्रश्नच उरत नाही. हे उत्तर मला अपुरे वाटते.

साधन एकच ठरले की ते बहुधा अधिकाराने वरच्या व्यक्तीचे ठरते. मार्गदर्शक वर्ड वापरतात म्हणून सर्वांनी वर्ड घ्यायचे, किंवा संस्थेत लॅटेक्सची प्रथा आहे म्हणून नवख्याने आधी लॅटेक्स शिकायचे. ज्याच्याकडे केवळ मोबाइल आहे, त्याचा विचार होत नाही. सामायिक दस्तऐवजावर एकाच वेळी एकत्र लिहायला इंटरनेट लागते. शिवाय सर्वांना सर्व काही बदलण्याची मोकळीक असली की निर्णयाची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. गुगल डॉक्सवर 'सुचवणी' या स्वरूपात दुरुस्त्या नोंदवता येतात, ही त्याची खरी उपयुक्तता आहे. पण ती शिस्त माणसांनी पाळावी लागते, सॉफ्टवेअर आपल्या वतीने पाळत नाही.

याच्या उलट बाजूचा आक्षेपही रास्त आहे. विद्यार्थ्याने नवी साधने शिकू नयेत काय? अवश्य शिकावीत. येथे शिकण्याजोगी गोष्ट आणि विकत घेण्याजोगी गोष्ट यांत फरक केला पाहिजे. युनिकोडमध्ये टंकलेखन करणे ही शिकण्याजोगी गोष्ट आहे. तिला पैसे लागत नाहीत, थोडे दिवस लागतात. त्यामुळे ती अपेक्षा सर्वांकडून, ज्येष्ठांकडूनही, करता येते. विशिष्ट संगणक किंवा विकतचे सॉफ्टवेअर ही अट मात्र सहलेखनाच्या दारात उभी करू नये.

म्हणून माझे मत असे आहे की सॉफ्टवेअर ज्याला जे सोयीचे असेल ते असावे, पण अक्षरव्यवस्था सर्वांची एकच, म्हणजे युनिकोड, असावी. आणि मजकुराच्या देवघेवीचे स्वरूप कोणते असावे, हे ज्याच्याकडे सर्वांत कमी साधने आहेत त्याच्या सोयीने ठरावे. साधा मजकूर मोबाइलवरही उघडतो आणि कोणत्याही संगणकावरही उघडतो. ज्याच्याकडे संगणक, वेळ आणि अनुभव आहे, रूपांतराचे कष्ट त्याने घ्यावेत. आमच्या लेखात हे कष्ट न दिसता त्या विद्यार्थिनीवर पडले होते. तिला तिचा शब्द दोनदा पाठवावा लागला आणि तरीही तो पोहोचला नाही.

६. व्यवहारात काय करावे

या मताला व्यवहाराचे रूप देणे अवघड नाही. पहिला शब्द लिहिण्यापूर्वी सहलेखकांनी अर्धा तास एकत्र बसावे आणि पुढील गोष्टी ठरवाव्यात.

(अ) मूळ प्रत एकच असावी आणि ती कोणाकडे राहील हे ठरलेले असावे. इतरांनी आपल्या प्रतीत काहीही करावे, पण मूळ प्रतीत बदल त्या एका व्यक्तीनेच करावा. फाइलच्या नावात दिनांक आणि लेखकाचे आद्याक्षर असावे. 'अंतिम', 'अगदी अंतिम' अशी नावे देऊ नयेत.

(आ) दुरुस्त्या पाठवण्याची जागा एकच असावी. प्रत्येक दुरुस्तीपुढे 'स्वीकारली' किंवा कारणासह 'नाकारली' अशी नोंद व्हावी. उत्तर न मिळालेली एकही दुरुस्ती असेल तोवर लेख छापायला देऊ नये.

(इ) लेखनाचे नियम एका पानावर लिहून ठेवावेत. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ मधील चौदा आणि १९७२ मधील चार, असे अठरा नियम पायाभूत मानावेत. बोलीतील उद्धृते मात्र त्या नियमांत बसवू नयेत, कारण तेथे बोलणाऱ्याचा उच्चार हाच पुरावा असतो.

(ई) रूपांतर करावेच लागले तर कसोटीचा एक परिच्छेद आधी रूपांतरित करून पाहावा. त्यात 'दऱ्या', 'दर्या', 'आचाऱ्यास', 'आचार्यास', 'शक्ती', 'वाङ्मय', 'ॲड', 'कॉफी', 'दुःख' असे अडचणीचे शब्द असावेत. ते अखंड राहिले तरच संपूर्ण मजकूर रूपांतरित करावा. वर्ड, लॅटेक्स आणि साधा मजकूर यांमध्ये रूपांतर करणारे पॅनडॉक हे साधन विनामूल्य उपलब्ध आहे. पण यंत्राने केलेल्या रूपांतरानंतर माणसाने वाचणे टळत नाही.

(उ) प्रकाशकाला जुन्या फाँटमध्येच मजकूर हवा असेल तर ते रूपांतर अगदी शेवटी आणि एकदाच व्हावे. त्यानंतरचे प्रूफ सर्व लेखकांनी वाचावे. ज्याने माहिती प्रत्यक्ष ऐकली, त्याने उद्धृतांचे प्रूफ वाचल्यावाचून लेख छापला जाऊ नये.

७. समारोप

यांतील कोणताही नियम तांत्रिक ज्ञान मागत नाही. सहलेखकाला आपल्याइतकाच लेखक मानणे एवढेच तो मागतो. तळटीप हलली तर ती पुन्हा बसवता येते. परंतु ज्या व्यक्तीने एखाद्या आजींचे शब्द कानांनी ऐकले, तिचाच हात लेखातून बाजूला सरला, तर त्या लेखाची भरपाई शुद्धिपत्राने होत नाही.

आम्ही दुसरा लेख त्यानंतर सुमारे वर्षभराने लिहिला. या वेळी मूळ प्रत विद्यार्थिनीकडे, तिच्या मोबाइलमध्ये होती. प्राध्यापकांनी वयाच्या सत्तरीत इनस्क्रिप्टचा कळफलक शिकून घेतला. मी माझ्या दुरुस्त्या तिच्याकडे पाठवीत असे आणि ती त्यांतील काही नाकारीत असे, कारण देऊन. तिने नाकारलेल्या माझ्या दुरुस्त्यांपैकी निम्म्याहून अधिक नाकारण्याजोग्याच होत्या, हे मला प्रूफ वाचताना पटले.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांसारख्या, रफार व आडवा 'र' यांमुळे अर्थ बदलणाऱ्या शब्दांच्या आणखी तीन जोड्या शोधा.
२. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कार्यपद्धतीतील कोणती तत्त्वे आजच्या सहलेखनास लागू पडतात, असे लेखक म्हणतो?
३. 'देवघेवीचे स्वरूप सर्वांत कमी साधने असणाऱ्याच्या सोयीने ठरावे' या मताशी आपण सहमत आहात काय? आपल्या अनुभवाच्या आधारे सुमारे १५० शब्दांत लिहा.